चुलीवरचा भात खाली करपतो, वर कच्चा राहतो: कॅम्पिंगला दर वेळी होणारी अडचण आणि तिचे उपाय

भंडारदरा असो, पवना असो की मुळशी, तंबू लागले आणि संध्याकाळी तीन दगड मांडून चूल पेटली की एक तक्रार हमखास ऐकू येते. पातेल्यातला भात बुडाशी काळा ठिक्कर, मधे गिचका आणि वरच्या शितांत कणी. खिचडी असेल तर आणखी वाईट, कारण डाळ तळाशी बसून आधी लागते. अंधार पडलेला असतो, पोरं भुकेली असतात आणि दुसरं पातेलं बहुधा आणलेलं नसतं. पुढच्या सहलीला मंडळी पाणी वाढवून बघतात. भात गिचका होतो, पण करपायचा तो करपतोच. मग तांदूळ बदलतात. तरी तेच.

पाणी आणि तांदूळ यांच्यावर उगाच आळ येतो. बहुतेक वेळा खरं कारण एकच असतं: जाळ शेवटपर्यंत तसाच चालू ठेवलेला असतो. चुलीवर भाताला दोन वेगळ्या आगी लागतात. आधण यायला जाळ लागतो, भात शिजायला निखारे. गॅसवर हे काम आपण नॉब फिरवून करतो. चुलीला नॉब नाही, म्हणून लाकूड आत सारायचं आणि बाहेर ओढायचं. ते कोणी करत नाही, आणि भात करपतो.

आधी करपलेला भात नीट बघा

पातेलं उतरवल्यावर लगेच डाव घालून ढवळू नका. ढवळलंत तर काय चुकलं ते कळणार नाही, आणि करपट वास वरच्या चांगल्या भातालाही लागेल. झाकण काढा आणि भात कुठे शिजलाय, कुठे कच्चा आहे, कुठे लागलाय ते बघा.

बूड सगळीकडे सारखं करपलंय आणि वर कणी आहे, तर जाळ वेळेवर कमी झाला नाही. एकाच बाजूला करपलाय आणि समोरच्या बाजूला कच्चा आहे, तर वारा एका अंगाने जाळ ढकलत होता आणि पातेलं कोणी फिरवलं नाही. मधोमध काळा गोल डाग आणि कडेला भात ठीक, तर पातेल्याचं बूड पातळ आहे. कुठेच करपलेला नाही पण सगळाच अर्धाकच्चा आणि चिकट झालाय, तर आधण नीट उकळलंच नव्हतं. त्याचं कारण बहुतेक ओलं लाकूड. आणि भात शिजलाय पण धुराचा वास मारतोय, तर झाकण सैल होतं किंवा चूल धुमसत होती.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून त्याच्याबद्दलच जास्त लिहितो.

पाणी आटल्यानंतर काय होतं

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. मग साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या पुढे त्यातून वायू सुटू लागतात, आणि आपल्याला दिसणारी ज्वाळा त्या वायूंची असते. वायू संपले की कोळसा उरतो आणि तो ज्वाळेशिवाय लाल होऊन जळतो. तोच निखारा, काही भागांत त्याला इंगळ म्हणतात. ज्वाळा वाऱ्याने हलते, बुडाच्या एकाच भागाला चाटते आणि कडेने वर निघून जाते. निखाऱ्यांची धग जागची हलत नाही, सगळ्या बुडाला सारखी लागते आणि हळूहळू उतरत जाते. भाताला शेवटी नेमकी अशीच उतरती धग हवी असते.

पातेल्यात मोकळं पाणी आहे तोवर मोठा जाळसुद्धा फारसं बिघडवत नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि बूड शंभर अंशांच्या आसपासच राहतं. पाणी तांदळात मुरलं आणि उरलेलं आटलं की ही राखण संपते. त्यानंतर तोच जाळ बुडाचं तापमान झपाट्याने वर नेतो आणि तळाचा भात आधी तांबूस, मग काळा होतो. वरच्या भाताला मात्र या वेळी जाळाचा काही उपयोग नसतो. त्याला कोंडलेल्या वाफेत दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं असतं. पाणी वाढवलं की हा क्षण थोडा लांबतो एवढंच, टळत नाही.

रीत

चूल भूक लागायच्या बरीच आधी पेटवा. बाभळीसारख्या कठीण लाकडाचे कामाचे निखारे पडायला पाऊण तास ते तास सहज जातो. थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा पाचला चूल पेटलेली असावी. पेटल्या पेटल्या पातेलं चढवण्याची घाई हे करपण्यामागचं दुसरं मोठं कारण आहे, कारण तेव्हा चुलीत नुसता जाळ असतो, निखारा नसतोच. त्या पाऊण तासात चहा होतो, अंघोळीचं पाणी तापतं, पोरांना मक्याची कणसं भाजून देता येतात.

तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. घरी हे टाळलं तरी चालतं, चुलीवर टाळू नका. भिजलेला दाणा आतपर्यंत लवकर शिजतो आणि निखाऱ्यांवरचा वेळ कमी लागतो. जुना कोलम असेल तर वाटीला सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी, नवा इंद्रायणी असेल तर दोन वाट्या किंवा किंचित कमी. मावळात कॅम्पिंगला गेलं की वाटेत इंद्रायणी घेण्याचा मोह होतो आणि तो भात सुरेखच लागतो, पण तो मुळात चिकट असतो, तळाला धरतो. पहिल्यांदाच चुलीवर करणार असाल तर कोलम न्या.

आधण मोठ्या जाळावर ठेवा. खळखळून उकळी आली की तांदूळ वैरा, मीठ आणि चमचाभर तेल घाला, एकदाच तळापासून ढवळा आणि पुन्हा उकळी येऊ द्या. इथून पुढे पातेल्याजवळून हलू नका. पाणी आटत तांदळाच्या पातळीला येतं, वर बारीक भोकं पडतात आणि त्यांतून बुडबुडे फुटू लागतात. ही भोकं दिसली की त्याच क्षणी पेटती लाकडं चुलीतून बाहेर ओढा, सगळी. आत दोन बोटं जाडीचा निखाऱ्यांचा थर राहू द्या. मधोमध जास्त असतील तर काठीने कडेला सारा, कारण पातेल्याचं मधलं बूड तसंही जास्त तापतं.

मग घट्ट बसणारं ताट झाका आणि त्यावर चार-पाच मोठे निखारे ठेवा. कच्चा राहतो तो वरचा भात, त्याला वरून धग मिळते. या वेळी सहसा ढवळत नाहीत, तुम्हीही ढवळू नका. पाच-पाच मिनिटांनी पातेलं पाव फेरा फिरवा. साधारण बारा ते पंधरा मिनिटांनी झाकणावरचे निखारे आधी बाजूला काढा, राख फुंकून टाका, मगच झाकण उचला, नाहीतर राख भातात जाते. मधलं एक शीत बोटांत दाबून बघा. कणी लागली तर गरम पाण्याचा हबका मारून आणखी पाच मिनिटं. उतरवल्यावरही दहा मिनिटं झाकलेलं राहू द्या.

ओढलेली लाकडं विझवायची नाहीत. शेजारी आणखी तीन दगड मांडून ठेवा आणि ती तिथे सारा. त्यांच्यावर पिठलं, आमटी, चहा काहीही होतं. घरच्या मातीच्या चुलीला वैल, म्हणजे शेजारची जोडचूल, असतो तो याचसाठी. माझ्या मते कॅम्पिंगला एकच चूल मांडणं ही मुळातली अडचण आहे. एका चुलीवर जाळही हवा आणि मंद आचही हवी, हे जमत नाही. भंडारदऱ्याच्या आसपासच्या गावांत रोज चुलीवर रांधणाऱ्या मावशी स्वयंपाक करताना बघा. त्यांचा एक हात सतत लाकडांवर असतो. मुलांना त्यांच्याजवळ बसवा, त्याही आनंदाने दाखवतात.

सगळ्यात सोपी वाट: भात वेळणे

लहान मुलं बरोबर आहेत, लक्ष चार ठिकाणी आहे आणि तो भोकांचा क्षण हुकेल अशी धास्ती वाटते, तर कोकणातल्यासारखा भात वेळा. तांदळाच्या पाच-सहापट पाणी उकळायला ठेवा, त्यात तांदूळ वैरा आणि जाळावरच शिजू द्या. भरपूर पाणी असल्याने तळाला लागायचा प्रश्न येत नाही. शीत नव्वद टक्के शिजलं की ताट आडवं धरून पाणी ओतून काढा आणि भात पाच-सात मिनिटं निखाऱ्यांवर दमाला ठेवा. पातेलं दोन जणांनी, जाड फडक्याने धरून वेळायचं, आणि मुलं त्या वेळी लांब. निथळलेल्या पाण्यात मीठ आणि थोडं तूप घालून थंडीत प्यायला द्या. दिवसभर हुंदडलेली पोरं वाटी चाटून पुसून देतात.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी हीच पद्धत सुचवेन. खिचडी-मसालेभाताला ती चालत नाही, ते दुसऱ्या दिवशी करा. खिचडी करायचीच असेल तर मुगाची डाळ वेगळी भिजवून घ्या, फोडणी चार काटक्यांच्या जाळावर द्या आणि मसाला करपायच्या आत गरम पाणी ओता. मसालेभाताला तळाशी बटाट्याच्या जाड चकत्या पसरल्या की लागलंच तर बटाटे लागतात, भात वाचतो. टोमॅटो, आमसूल, चिंच डाळ शिजल्यावरच घाला. आंबटात डाळ शिजायला फार वेळ घेते, आणि चुलीवर जितका वेळ जास्त तितका करपण्याचा धोका जास्त.

पातेलं

घरातलं पातळ स्टीलचं पातेलं उचलून नेतात तिथे अर्धी लढाई हरलेली असते. स्टीलमधून उष्णता फार सावकाश पसरते, ॲल्युमिनियमच्या तुलनेत दहापटीहूनही कमी. त्यामुळे जिथे ज्वाळा लागते तिथेच ठिपका तापतो आणि तिथेच भात जळतो. जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा टोप किंवा कल्हई केलेलं पितळी पातेलं असेल तर ते न्या. स्टीलचंच असेल तर त्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा. धग पसरते, थोडा वेळ जास्त जातो.

बूड काळं होणार म्हणून काळजी वाटते त्यांनी चढवण्याआधी बाहेरून चिकणमाती आणि राख कालवून पातळ लेप द्यावा. नंतर लेपाबरोबर काजळी सुटून येते. कुकर नेणार असाल तर दांडे प्लास्टिकचे आहेत हे ध्यानात ठेवा. जाळ कडेने वर चढला की दांडे जळतात आणि रबरही जातं. कुकर फक्त निखाऱ्यांवर, आणि शिट्ट्यांचा घरचा हिशोब इथे लागू होत नाही.

दगड आणि वारा

पातेल्याचं बूड जमिनीपासून साधारण सहा इंच वर असावं. फार खाली असेल तर लाकडांना हवा मिळत नाही, नुसता धूर होतो. फार वर असेल तर धग वाया जाते. तिन्ही दगडांची उंची सारखी हवी, नाहीतर पातेलं कलतं आणि पाणी एका बाजूला जमून दुसरी बाजू करपते. पातेल्यात थोडं पाणी घालून ते आधी ठेवून बघा, लगेच कळतं.

दगड शेताच्या बांधावरचे, कोरडे घ्या. ओढ्यातले किंवा धरणाच्या काठावरचे भिजलेले दगड कधीही चुलीला लावू नका. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये जागोजागी पोकळ्या असतात. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन असा दगड आवाज करून फुटतो आणि कपच्या उडतात. चुलीभोवती मुलं बसलेली असतात, म्हणून हे दोनदा तपासा.

चुलीचं तोंड वाऱ्याकडे ठेवलं की जाळ आत ओढला जातो आणि धूर मागून निघतो. वाऱ्याकडे पाठ करून बसणाऱ्याच्या डोळ्यांत धूर जात नाही. पण धरणाकाठी अंधार पडताना वारा एकदम वाढतो. तेव्हा तोंडासमोर एक चपटा दगड तिरका लावून वारा तोडा. एका बाजूला करपण्याची तक्रार एवढ्याने बरीचशी जाते.

लाकूड

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते जळण्याआधी पाण्याची वाफ करण्यातच चुलीची ताकद जाते, म्हणून आधण येत नाही आणि तांदूळ कोमट पाण्यात फुगत बसतात. दोन काटक्या एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजल्या तर वाळलेल्या, भद्द आवाज आला तर ओल्या. पावसात भिजलेलं जाड लाकूड मात्र टाकून देऊ नका. ते उभं फोडा, आतला गाभा बहुधा कोरडा सापडतो.

निखाऱ्यासाठी बाभूळ, खैर, धावडा, किनाऱ्याकडे सुरू. आधणाच्या जाळासाठी काटक्या, तुराट्या, वाळक्या फांद्या. सावर आणि पांगारा भसकन पेटतात आणि राख होऊन जातात, त्यांवर भात शिजवायला बसू नका. गोवऱ्या मिळाल्या तर जरूर घ्या. त्यांची धग मंद आणि टिकाऊ असते, दमाला त्या फार चांगल्या. कण्हेर, शेर, रुई आणि बिब्बा चुलीच्या जवळपास आणू नका. कण्हेर विषारी आहे, शेर-रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे, आणि बिब्ब्याच्या तेलाने अंगावर फोड येतात, त्याच्या धुरानेही त्रास होतो. झाड ओळखता येत नसेल तर फांदी उचलू नका, गावातून मोळी विकत घ्या. जंगल वाचतं आणि कोणाला तरी चार पैसे मिळतात.

पेटत नाही म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं थांबवाच. भडका उडतो तो अंगावर, आणि वास जेवणात उतरतो.

आणि हे सगळं खाजगी शेतात किंवा परवानगी असलेल्या कॅम्पच्या जागेवर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्याला धोका होईल अशा तऱ्हेने आग लावायला मनाई करतो, आणि राखीव जंगलाला १९२७ चा भारतीय वन कायदा लागू होतो. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी वणव्याला पुरते. त्या दिवसांत गवताळ माळावर चूल मांडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गॅसची शेगडी न्या.

उंचीचा दोष किती?

कच्च्या भाताचं खापर उंचीवर फोडायची सवय आहे, म्हणून थोडंसं. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. भंडारदऱ्याला पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर ९५ अंशांच्या जरा खाली. एवढ्याने भाताला काही मिनिटं जास्त लागतात, बाकी काही नाही. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ८८ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे कुकरशिवाय डाळ-भात खरोखर अवघड आहे. सह्याद्रीत ते कारण पुढे करू नका.

करपलाच तर

वास आला त्या क्षणी पातेलं उतरवा आणि बूड ओल्या मातीवर किंवा थंड पाण्याच्या परातीत टेकवा, म्हणजे करपणं पुढे सरकत नाही. वरचा भात तळाला न खरवडता दुसऱ्या भांड्यात काढा. म्हणून दुसरं भांडं नेहमी बरोबर हवं. कणी असेल तर त्यावर अर्धी वाटी गरम पाणी शिंपडा, ओलं फडकं गुंडाळलेलं झाकण घट्ट बसवा आणि मंद निखाऱ्यांवर दहा मिनिटं ठेवा. फडक्याचं टोक खाली लोंबू देऊ नका, पेट घेईल. हलका वास उरलाच तर लसणाची चरचरीत फोडणी वरून ओता. काळा झालेला थर मुलांना देऊ नका, टाकून द्या.

कोणाला चटका बसला तर वीस मिनिटं साध्या थंड पाण्याची धार. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर थेट दवाखाना.

रात्री थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची घमेली तंबूत नेतात. हे कधीही करू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद तंबूत झोपेतच जीव जाऊ शकतो. चूल झोपायच्या आधी पूर्ण विझवायची. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. नुसती माती लोटली तर खालचा निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो आणि अनवाणी फिरणाऱ्या पोराचा पाय त्यावर पडतो. राखेजवळ हाताची पाठ नेऊन बघा. ऊब जाणवली तर आणखी एक बादली ओता.